वावरातून ऐकलेला उत्तर ध्रुव : बाभूळगाव, चिखलदरा आणि पाच दिवस

सव्वा वर्षापूर्वी नागपुरात रेडिओप्रेमींच्या एका जमावात काकाजी भेटले. फौजेच्या सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. १९९१ चा अख्खा हिवाळा त्यांनी अंटार्क्टिकातल्या आपल्या 'मैत्री' तळावर रेडिओसमोर काढला होता. चहा घेता घेता म्हणाले, "थंडीत ये बाई वावरात. शहरात तुले काय ऐकू येणार? तिथं नुसती खरखर आहे." ते वाक्य डोक्यात राहिलं. संक्रांत तोंडावर असताना सुट्टी मिळाली, तशी निघाले.

पहिला दिवस : धामणगाव, मग आत

गाडी पहाटे धामणगावला लागली. स्टेशनबाहेर तर्रीपोहे खाल्ले. इतक्या थंडीत ती तर्री घशाखाली उतरली की पोटात शेगडी पेटल्यासारखं वाटतं. काकाजींचा पुतण्या जीप घेऊन आला होता. यवतमाळच्या रस्त्याने बाभूळगावकडे आणि तिथून आत सहा-सात किलोमीटर. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीची पांढरी शेतं, मध्ये तुरीचे पिवळे पडत आलेले पट्टे, आणि जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या.

घरी पोचल्यावर काकूंनी विचारलंच नाही, ताट वाढलं. ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा. "खाय न माय, गाडीत काय भेटलं असन तुले!" तुरीचे हे हिरवे दाणे फार तर दीड-दोन महिने मिळतात. जानेवारीत विदर्भात असाल आणि ते खाल्ले नाहीत, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागेल.

दुपारी आम्ही वावरात गेलो. काम एकच: १५ मेगाहर्ट्झसाठी तार बांधायची. साडेनऊ मीटरची तार, मध्ये कापून दोन भाग, मधून केबल खाली. एक टोक कडुलिंबाला, दुसरं जागलीच्या मचाणाला. काकाजींनी तार पूर्व-पश्चिम ताणायला लावली, कारण मग ती उत्तरेला आणि दक्षिणेला नीट ऐकते. आम्हाला उत्तर हवी होती.

का, ते सांगते. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सला डब्ल्यूडब्ल्यूव्ही नावाचं वेळकेंद्र आहे. दिवसरात्र दर सेकंदाला एक टिक आणि दर मिनिटाला पुरुषी आवाजात वेळ. आमचं वावर साधारण ७८ अंश पूर्व रेखांशावर, फोर्ट कॉलिन्स १०५ अंश पश्चिमेला. पृथ्वीचा गोळा हातात घ्या आणि या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणा. दोरा जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जातो आणि कॅनडावरून खाली उतरतो. एकूण अंतर सुमारे १३,२०० किलोमीटर. म्हणजे बाभूळगावच्या वावरात ती टिक ऐकू आली, तर ती ध्रुवावरच्या आकाशातून गाळून आलेली असते. तिथलं आकाश कसं आहे हे तिच्या आवाजावरून कळतं. मला हेच ऐकायचं होतं.

अर्थिंगसाठी काकाजींनी तांब्याचा गज मातीत ठोकला. हरभऱ्याला आदल्या दिवशीच पाणी दिलेलं, गज चार ठोक्यांत आत. त्यांनी ती ओली काळी माती बोटांनी चोळली आणि म्हणाले, "हे सोनं आहे बाई. मैत्रीले खाली खडक अन् भवताल बर्फ. दोन्हीतून वीज जात नाई. अर्थिंगसाठी आम्ही काय काय नाई केलं!" काळ्या कापसाच्या जमिनीत ओल आणि क्षार दोन्ही असतात, ती वीज छान वाहून नेते. गोठलेला बर्फ मात्र रेडिओलहरींना जवळपास काचेसारखा. पूर्वी ग्रीनलँडवर विमानांची रेडिओ-उंचीमापकं याच कारणाने फसली: लहर बर्फाच्या पृष्ठभागावरून न परतता आत शिरायची आणि खालून परतायची, त्यामुळे विमान आहे त्यापेक्षा उंच असल्याचं काटा दाखवायचा. तीच चूक पुढे बर्फाची जाडी मोजायची पद्धत झाली.

संध्याकाळी सातला रेडिओ लावला. टिक... टिक... टिक. मी आनंदाने काकाजींकडे पाहिलं. ते मान हलवत होते.

"घड्याळ पाय."

मी हातातलं घड्याळ लावून मोजलं. साठ सेकंदांत अठ्ठेचाळीस टिका. वेळकेंद्र असतं तर साठाच्या जवळ भरल्या असत्या. ही टिक शेजारच्या वावरातल्या झटका मशीनची होती. रानडुकरं आणि रोही हाकलायला कुंपणाला लावतात ते. तारेत क्षणभर झटका सोडतं आणि प्रत्येक झटक्याला रेडिओत ठोका पडतो. काकाजी बांधावरून चालत गेले, शेजाऱ्याशी बोलले आणि पावणेआठ ते आठ मशीन बंद ठेवायचं ठरवून आले.

मशीन बंद झालं आणि त्याखाली दबलेलं काहीतरी वर आलं. आधी नुसता श्वास, मग टिक. पण ही टिक स्वच्छ नव्हती. पाण्याखालून यावी तशी, कडा विरघळलेली, आणि मागे सतत एक फडफड, पत्र्याच्या छतावर पारवे उडावेत तशी. काकाजी पुढे वाकले. तेहतीस वर्षांपूर्वीचा माणूस ओळखावा तसं त्यांनी तो आवाज ओळखला.

"हेच. ध्रुवावरून येणाऱ्या सिग्नलले ही थरथर असतेच."

कारण असं. शॉर्टवेव्ह दूर जाते ती वरच्या आयनावरणावर, म्हणजे वीजभारित हवेच्या थरावर, आपटून परतते म्हणून. आपल्याकडे तो थर बऱ्यापैकी सलग असतो. ध्रुवाभोवती मात्र चुंबकीय रेषा जमिनीकडे वळतात, सूर्याकडून आलेले कण त्या रेषांवरून आत उतरतात आणि थराचे गठ्ठे, पट्टे, भोवरे होतात. ते वेगाने सरकत असतात. प्रत्येक गठ्ठा लहर परत पाठवतो, पण प्रत्येकाचा वेग वेगळा, म्हणून प्रत्येक परतलेल्या लहरीचा स्वर किंचित वर-खाली. त्या सगळ्या इथे एकत्र पोचल्या की फडफड होते.

सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी तो पुरुषी आवाज आला. डब्ल्यूडब्ल्यूव्ही दर तासाच्या अठराव्या मिनिटाला सूर्य आणि चुंबकीय क्षेत्राची स्थिती सांगतं. आपली वेळ अर्ध्या तासाने सरकलेली, म्हणून आपल्याकडे ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला येतं. के-निर्देशांक, म्हणजे चुंबकीय खळबळीचं शून्य ते नऊ असं माप, दोन. शांत.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी: थंडीत संध्याकाळी सात ते साडेआठ ही वेळ चांगली, तेव्हा तिकडे सकाळ होत असते. चीनचं वेळकेंद्र १५ मेगाहर्ट्झवर या वेळी नसतं, त्यामुळे गोंधळ होत नाही. बाईचा आवाज आला तर ते हवाईचं केंद्र, ध्रुवावरचं नव्हे. आणि अंधारात वावरातल्या कोणत्याही तारेला हात लावू नका. झटका मशीनचा झटका जीव घेत नाही, पण काही जण कुंपणात थेट लाइनचा करंट सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्याने दरवर्षी माणसं मरतात. कुंपणाच्या मालकाला आधी विचारा.

दुसरा दिवस : धूर, तेलुगू गाणी आणि चंद्र

पहाटे साडेपाचला काकाजींनी उठवलं. जागलीवर असलेल्या गड्याकडे रेडिओ असतो. माणसाचा आवाज आला की डुकरं बिचकतात. आम्ही मचाणाजवळ पोचलो तेव्हा त्या रेडिओवर एफएमवर तेलुगू गाणं लागलं होतं. खणखणीत.

"हे रोज लागते का?" मी विचारलं.

"थंडी पडली का लागते. ऊन वर आलं का जाते," तो म्हणाला, जसं काही दहिवराबद्दल बोलतोय.

एफएमची लहर सरळ रेषेत जाते, क्षितिजापलीकडे सहसा पोचत नाही. तेलंगणाची हद्द इथून शंभर-एक किलोमीटरच्या आसपास. मग हे गाणं आलं कसं? उत्तर समोरच होतं. गावातल्या चुली पेटल्या होत्या. धूर सरळ वर जात होता आणि घरांच्या दुप्पट उंचीवर गेला की थांबत होता, जणू वर काच होती. तिथून तो आडवा पसरायचा. सगळ्या गावावर एकाच उंचीवर एक निळसर पट्टा.

मी दोन थर्मामीटर आणले होते. एक जमिनीपासून वीतभर, एक मचाणावर, चार मीटर उंच. खाली ७.२, वर ९.४. एरवी वर जावं तसं थंड होतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता सोडून देते आणि तिला चिकटलेली हवा वरच्यापेक्षा थंड होते. अशी हवा घट्ट असते, वरची विरळ. रेडिओलहर घट्ट हवेकडे वाकते. ती इतकी वाकली की पृथ्वीच्या गोलाईबरोबर चालू लागली, तर क्षितिज तिला अडवत नाही. गटारीतून पाणी जावं तशी ती त्या थरातून दूर जाते.

"मैत्रीले हेच होतं," काकाजी म्हणाले, "फक्त सकाळ व्हायची नाई."

तिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. जमीन उष्णता देतच राहते, परत मिळत काहीच नाही. अंटार्क्टिकाच्या आतल्या पठारावर बर्फाला लागून असलेली हवा आणि काहीशे मीटर वरची हवा यांच्यात २०-३० अंशांचा फरक आठवडेच्या आठवडे टिकतो. अशा थरात रडारही फसतं. जहाजाच्या रडारला क्षितिजापलीकडचे हिमनग दिसू लागतात, जमिनीवरच्या रडारला दूरच्या टेकड्या 'लक्ष्य' म्हणून दिसतात. उलटंही घडतं: बर्फावरचा गार वारा उघड्या, त्या मानाने उबदार पाण्यावर आला की लहरी वरच्या बाजूला झुकतात आणि रडारला हाकेच्या अंतरावरची वस्तू हुकते. काकाजी गोव्याहून जहाजाने गेले होते. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या वरच्या खोलीत, उभं राहून त्यांनी पाहिलं होतं की डोंगराएवढा हिमनग रडारवर किती फिका उमटतो. बर्फ लोखंडाच्या मानाने फारच कमी लहर परत पाठवतो, आणि पाण्यात बुडत आलेले छोटे तुकडे लाटांच्या ठिपक्यांत मिसळून जातात. म्हणून बर्फात रडार कितीही चांगलं असलं तरी डोळे लावलेला माणूस ब्रिजवर लागतोच.

ऊन कुंपणावर आलं. तेलुगू गाण्यात खरखर शिरली, दोन मिनिटं ते धडपडलं, आणि गेलं. वर पाहिलं तर धुराचा पट्टाही विस्कटला होता. दोन्ही एकाच वेळी. हे डोळ्यांनी आणि कानांनी एकदम पाहायला मिळणं, या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

संध्याकाळी हुरडा. गोवऱ्यांची आग, त्यात ज्वारीची कोवळी कणसं, हातावर चोळून गरम दाणे, बरोबर जवसाची चटणी, गूळ, दही. पौषातली पौर्णिमा होती. पूर्वेला तुरीच्या ओळींमागून चंद्र वर आला, मोठा आणि तांबूस. काकाजींच्या नातवंडांना मी थुलेची गोष्ट सांगितली.

ग्रीनलँडमध्ये थुले इथे अमेरिकेने शत्रूची क्षेपणास्त्रं ध्रुवावरून आली तर आधी कळावं म्हणून अवाढव्य रडार उभं केलं. ५ ऑक्टोबर १९६० ला ते रडार ओरडू लागलं: मोठा हल्ला येतोय. ते रडार चंद्र पाहत होतं. नॉर्वेच्या बाजूने उगवणाऱ्या चंद्रावर लहर आपटून परत येत होती. मुलांना मी म्हटलं, टाळी वाजवते, लहर चंद्रावर जाऊन आली की सांगा. अडीच सेकंद. सगळ्यांनी मिळून मोजले. धाकटी म्हणाली, "एवढ्यात जाऊन आली?" आणि बराच वेळ चंद्राकडे पाहत राहिली.

मोठ्या नातवासाठी दुसरी गोष्ट होती. २३ मे १९६७. अलास्का, ग्रीनलँड आणि इंग्लंडमधली अशी तिन्ही रडारं एकदम ठप्प झाली. कोणी मुद्दाम जॅम केली असं समजून विमानं सज्ज ठेवायची तयारी झाली. सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांनी वेळेत सांगितलं की सूर्यावर मोठा स्फोट झालाय, त्याचा रेडिओ-गोंगाट थेट रडारमध्ये शिरतोय. महायुद्ध टळलं ते आकाश वाचणाऱ्या माणसांमुळे. हे मी पोरांना फार गंभीरपणे सांगितलं, कारण ते गंभीरच आहे.

७:४८ ला के-निर्देशांक परत दोन. थरथर कालपेक्षा कमी.

तिसरा दिवस : चिखलदरा

रात्री रोही तारेतून गेले. सकाळी पाहिलं तर केबल तुटलेली, इन्सुलेटर हरभऱ्यात. काकाजींनी निमूटपणे जोड मारला. पावसाळी चपलेच्या सोलचा तुकडा कापून इन्सुलेटर केला. फौजेतला माणूस.

मग पुतण्याच्या जीपने अमरावती, परतवाडा, चिखलदरा. अमरावतीत गिला वडा खाल्ला. परतवाड्याहून घाट लागला की हवा बदलते. साधारण अकराशे मीटर उंची, साग संपत वर जाताना कॉफीची झाडंही दिसतात. शनिवार-रविवार असेल तर मुक्काम आधी ठरवून जा; आठवड्यात सहज मिळतो. कानटोपी आणि जाड स्वेटर लागतोच, "विदर्भ म्हणजे ऊन" हे डोक्यातून काढून टाका.

संध्याकाळी मुक्कामाच्या गच्चीवर छोटी तार टाकली. १५ मेगाहर्ट्झ. काहीच नाही. नुसता सूं. अठ्ठेचाळीस गेलं, पन्नास गेलं. मला वाटलं जोड सुटला. काकाजींनी रेडिओ ९९९६ किलोहर्ट्झवर नेला. तिथे मॉस्कोचं वेळकेंद्र टकटक वाजत होतं, स्वच्छ. तार ठीक होती. मॉस्कोची वाट ध्रुवावरून जात नाही. बंद झाली होती ती ध्रुवाची वाट.

फोनवर पाहिलं: के-निर्देशांक सहा. चुंबकीय वादळ.

गच्चीवर गोधड्या पांघरून बसलो आणि काकाजी पहिल्यांदा १९९१ बद्दल सविस्तर बोलले. त्या वर्षी सूर्य खवळलेला होता. मार्चमध्ये एक मोठं वादळ झालं आणि जूनमध्ये तर प्रचंड ज्वाला एकामागून एक. अशा ज्वालांबरोबर सुटलेले प्रोटॉन काही मिनिटांत ते काही तासांत पृथ्वीशी पोचतात, चुंबकीय रेषांवरून ध्रुवांवर उतरतात आणि साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा खालचा थर दाट करतात. शॉर्टवेव्ह वर पोचायच्या आतच तो तिला गिळतो. भारतात बसलेल्याला काही जाणवत नाही, पण ध्रुवाच्या टोपीखालचा माणूस दिवसच्या दिवस मुका होतो. त्यात जूनमध्ये तिथे रात्रच. सूर्य नसल्याने वरचा थरही पातळ, म्हणून वापरायच्या फ्रिक्वेन्सी खाली खाली येतात, आणि खालच्या फ्रिक्वेन्सी हा दाट थर आधी खातो.

हे मोजण्याचं यंत्र तळावर असतं, रायोमीटर. ते बोलत नाही, नुसतं ऐकतं: आकाशगंगेतून तीसेक मेगाहर्ट्झवर सतत येणारा सूं आवाज. तो आवाज अचानक मंद झाला की समजायचं, वर काहीतरी तो पितंय.

"पाच दिवस," काकाजी म्हणाले. "दिवसातून दोन वेळा आमची ठरलेली वेळ. मी कॉल द्यायचो, थांबायचो, परत द्यायचो. रजिस्टरात लिहायचो, संपर्क नाई. बायेर बर्फाचं वादळ. बर्फाचे कण तारेले घासले का तार भारून जाते, फोनमंदी असा आवाज येते जसा टिनावर पाऊस. केबल काढून ठेवली तर तिच्या टोकाले ठिणगी दिसे."

"मग कॉल द्यायचात कशाला? माहीत होतं ना, जात नाही?"

"माझा जात नव्हता. पण तिकडं कोणी कान देऊन बसला होता नं. त्याले आपल्याकून आवाज यावा असं वाटत असन. मी न बोलाव तं त्यानं काय समजाव?"

सहाव्या दिवशी मोर्समध्ये दोन अक्षरं आली, मग पूर्ण हाक. इथून मैत्री अकरा हजार किलोमीटरहून जास्त दूर. त्या रात्री तळावर शिरा केला, असं ते म्हणाले, आणि मग बराच वेळ काही म्हणाले नाहीत.

चौथा दिवस : धुक्याचं तळं, परतीची वाट

पहाटे दरीच्या कडेवर. खाली मेळघाट दिसतच नव्हता. दरी दुधासारख्या धुक्याने भरलेली, वरचा पृष्ठभाग सपाट, मधून एखादा डोंगरमाथा बेटासारखा. जो थर गावात धुरावरून ओळखला, तोच इथे वरून दिसत होता. काकाजी हात मागे बांधून उभे राहिले. "असंच दिसे," एवढंच.

१५९७ मध्ये डच दर्यावर्दी विलेम बारेंट्सच्या माणसांनी आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्यावर हिवाळा काढला तेव्हा सूर्य हिशोबापेक्षा दोन आठवडे आधी क्षितिजावर दिसला. लोकांनी त्यांना खोटं ठरवलं. पण थंड हवेच्या थरांतून प्रकाश वाकून आला होता. प्रकाश वाकतो तसं रडारही वाकतं.

परतताना पुतण्याशी बोलणं निघालं. त्याला वाटत होतं हे सगळं बर्फातल्या लोकांचं काम. मी त्याला मे २०२४ ची गोष्ट सांगितली. १० मे रोजी आलेलं वादळ ऑक्टोबर २००३ नंतरचं पहिलं सर्वोच्च श्रेणीचं. लडाखमधल्या हान्लेतूनही तांबडा ध्रुवीय प्रकाश कॅमेऱ्यात टिपला गेला. आणि अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ चुकायला लागले, शेतकऱ्यांना पेरा थांबवावा लागला. पेरा थांबला म्हटल्यावर त्याने जीपचा वेग कमी केला. "पेरणीचे दिवस गेले तं गेलेच नं," तो म्हणाला. मग त्याने विमानांचं विचारलं. विमानं ध्रुवावरून जातात, आपली एअर इंडियाही दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को तशी गेलेली आहे. २०२१ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को-बंगळूर विमान संपूर्ण महिला वैमानिकांनी ध्रुवावरून आणलं. ८२ अंशांच्या पलीकडे विषुववृत्तावरचे उपग्रह नीट दिसत नाहीत, तिथे शॉर्टवेव्ह लागते. वादळ मोठं असेल तर विमानं खालच्या वाटेने वळवतात, जास्त तेल जाळून.

वादळ मोजण्यात आपलं नाव जुनं आहे हेही सांगायला हवं. १८५९ च्या सप्टेंबरातलं महावादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने टिपलं. चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची ती नोंद आजही जगभर वापरतात. पुढे ट्रामच्या विजेने यंत्रं बिघडतील म्हणून ते काम अलिबागला नेलं.

संध्याकाळी वावरात. शेजाऱ्याने न सांगता मशीन बंद केलं. ७:३० ला काही नाही. ७:४० ला एक टिक, मग नाही. अठ्ठेचाळीसला आवाज आला तो शब्द नव्हते, फक्त शब्दांची लय. आकडे फडफडीत विरत होते. दोघांनी कान लावले. मला 'तीन' वाटलं, काकाजींना 'चार'. फोन काढला नाही. त्यांनी रजिस्टर आणलं होतं, जुन्या पद्धतीचं, लाल कापडी पाठीचं, आणि त्यात जागतिक वेळेत लिहिलं: १४१८. १५ मेगा. आकडा अस्पष्ट. संपर्क आहे.

जेवायला पाटवडी-रस्सा होता. रस्सा इतका झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि काकूंनी आणखी एक वाटी ओतली.

पाचवा दिवस

निघताना काकूंनी मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी दिली, गाडीत सोलायला. दुपारच्या गाड्यांना गर्दी असते. जागा हवी तर सकाळची गाडी धरा. तार मी काढली नाही. रेडिओही तिथेच ठेवला, मचाणाखालच्या पेटीत.

जीपजवळ शेजारी आला. हातात बॅटरी होती, मशीनची असावी.

"पाव्हणी तं चालली काकाजी. आता संध्याकाळी चालू ठेवू का मशीन?"

काकाजींनी एकदा तारेकडे पाहिलं.

"नाई. पावणेआठ ते आठ बंदच ठेवत जाय."

तो बरं म्हणून बांधावरून परत गेला.